ऑक्टोबर छाटणीनंतरचा दिवस

पहाटे साडेपाच. दिंडोरीकडच्या आमच्या वाइन-द्राक्षांच्या बागेत छाटणीनंतर दिवस सुरू होतो तो पानं उलटण्यानं. बॅटरी घेऊन ओळीओळीनं फिरायचं. पानावर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली की केवडा आलाच समजा. पूर्वी अण्णा आंतरप्रवाही औषध मारायचे. ते पानात शिरलेला रोगही धरायचं. सेंद्रियात ती सोय नाही. रोगाच्या आधी पानावर बोर्डो मिश्रण बसलेलं हवं.

साडेसहा. एका पिंपात मोरचूद, दुसऱ्यात चुना, मग दोन्ही एकत्र. त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षबागांतलंच, वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने 1885 मध्ये जगापुढे ठेवलेलं. सेंद्रिय म्हणजे फवारणी बंद, अशी समजूत घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना मी आधी हे पिंप दाखवतो. तांबं मातीत साठत जातं, म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. अवकाळी पाऊस झाला की हात आखडता ठेवणं जड जातं. दव वाळलं की फवारणी.

आठ. पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. फेलफुटी काढायच्या, तण विळ्यानं कापून ओळीतच अंथरायचं. "मावशी, बुडाशी माती उघडी ठेवू नका," एवढंच सांगावं लागतं. तणनाशकाचा पंप घेऊन एकटा गडी जे उरकायचा, त्याला आता अख्खी टोळी लागते. आमच्या हिशेबाच्या वहीत सर्वांत फुगलेला रकाना मजुरीचा.

अकरा. शेणखताचा ढीग. हात घालून ऊब बघायची, कोरडा वाटला तर पाणी.

दुपारी एक. जेवण, मग नोंदी: कधी, कुठे, काय फवारलं. शेजारच्या बागेत ब्लोअर चालू असेल तर तेही लिहायचं. तिकडून औषध उडून येतं, म्हणून त्या बाजूच्या ओळी वेगळ्या तोडाव्या लागतात.

साडेचार. ज्याच्यासाठी पाहुणे येतात ते काम. गाईच्या शिंगात शेण भरून थंडीत पुरलेलं खत, एकराला 25 ग्रॅम, 13 लिटर पाण्यात तासभर ढवळायचं: एका दिशेनं भोवरा पडेपर्यंत, मग उलट. रुडॉल्फ स्टायनरच्या 1924 च्या व्याख्यानांतून आलेली ही बायोडायनॅमिक शेतीची रीत. दिवस चंद्राच्या राशीवरून ठरतो, आणि राशी प्रत्यक्ष तारकासमूहांवरून धरतात. आपल्या निरयन पंचांगाच्या जवळचं गणित. त्यामुळे आजीला यात काहीच नवल वाटलं नाही. अण्णा मात्र ढवळताना दर वेळी विचारतात, "एवढ्याशानं काय होणार रे?" मलाही त्याचा पुरावा देता येत नाही. माती सुधारली ती शेणखतानं आणि आच्छादनानं, असं माझं मत. तरी ढवळतो, कारण बायोडायनॅमिक प्रमाणपत्राला ते लागतं.

साडेसहा. ऊन उतरल्यावर ते पाणी जमिनीवर थेंबाथेंबानं शिंपडायचं, आणि दिवस संपतो.

द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी तीन वर्षं लागतात. त्या काळात खर्च सेंद्रियाचा आणि भाव साधा. बरगंडीतल्या लफ्लेव्ह या वाइन घराण्यानेही 1990 मध्ये थोड्या क्षेत्रावर बायोडायनॅमिकची सुरुवात केली आणि पूर्ण बाग 1997 मध्ये वळवली. वळायचं असेल त्यांनी आधी एखादा एकर घ्यावा, आणि शिंगं आणण्याआधी मजूर मिळतील का ते बघावं.