होडी पाण्यापर्यंत नेणारी गाडी

कल्याणला दुर्गाडीपाशी, डोंबिवलीच्या मोठागावात, ठाण्यात कोलशेत-बाळकूमकडे किंवा चेंदणी कोळीवाड्यात छोटी होडी पाण्यात फारशी अडत नाही. अडते ती काठावर. घराच्या आडोशापासून पाण्यापर्यंतचं अंतर जेमतेम, पण त्यात खडी, चिखल आणि उतार असतो. बारा-चौदा फुटी फायबरची होडी, इंजिन, जाळं आणि गाडीचा सांगाडा मिळून वजन सहज अडीचशे किलोंच्या घरात जातं. म्हणून तिच्याखाली दोन चाकांची गाडी हवी. ती बहुतेकदा गावातल्याच फॅब्रिकेटरकडून अँगल जोडून घेतलेली असते. अशी गाडी थोड्या खर्चात, बरीचशी स्वतःच्या हाताने कशी सुधारायची, ते इथे क्रमाने पाहू.

हे काम फक्त मासेमारी करणाऱ्यांचं नाही. २६ जुलै २००५ला उल्हासकाठच्या वस्त्यांनी पाणी किती वेगाने चढतं ते पाहिलं. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांनी मिळून सुमारे हजार-साडेदहाशे प्रवासी सुखरूप बाहेर काढले. त्या कामात बोटी होत्या, आणि बोट आधी पाण्यापर्यंत न्यावी लागते. वर्षभर कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीचं बेअरिंग नेमकं त्याच दिवशी जाम झालेलं असेल, तर होडी असून नसल्यासारखी. त्यामुळे माझा आग्रह एकच आहे: पैसा रंगात आणि दिव्यांत घालण्याआधी पाण्यात बुडणाऱ्या भागात घाला. तिथून वर या.

सुरुवात चाकाच्या हबपासून. हबमध्ये बेअरिंग, त्याच्या आत ग्रीस, आणि आतल्या बाजूला रबराचं ऑइल सील. गाडी पाण्यात उतरली की सीलच्या कडेतून पाणी शिरायला बघतं. मोटारीमागे ओढून आणलेल्या गाडीत हा धोका दुप्पट. रस्त्यावर हब तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि थोडी बाहेर निसटते. तापलेला हब थंड खाडीत बुडाला की उरलेली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. एकदा खारं पाणी ग्रीसमध्ये मिसळलं की ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंगच्या पोलादाला गंजाचे खड्डे पडतात. यावरचा पहिला उपाय फुकट आहे. काठावर पोचल्यावर गाडी अर्धा तास थांबवा, हबला हात लावून पाहा, तो गार लागला की मगच पाण्यात घाला.

दुसरा उपाय बेअरिंगच्या निवडीत आहे. बेअरिंगच्या कडेला आकडा कोरलेला असतो. ६२०४ असेल तर शेवटच्या ०४ला पाचाने गुणा. आतल्या भोकाचा व्यास २० मिलिमीटर निघतो. ६२०५ असेल तर २५. आकड्यापुढची अक्षरंही वाचा. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं. ती धूळ अडवतात, पाणी नाही. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. आपल्या कामाला हेच घ्यावं. किमतीतला फरक किरकोळ असतो, टिकण्यातला मोठा.

हबमध्ये उघडी टेपर बेअरिंगं असतील, तर दोन बेअरिंगांच्या मधल्या पोकळीवर हबला भोक पाडून, आटे काढून ग्रीस निप्पल बसवून घ्या. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला हे थोड्या वेळात करून देतो. मग प्रत्येक खेपेनंतर ग्रीस गनने नवं ग्रीस भरलं की जुनं पाणी मिसळलेलं ग्रीस पुढे ढकललं जातं. गन हळू चालवा. जोराने दाबली तर ग्रीस मागचं सीलच बाहेर फेकतं, आणि मग पाण्याला दार उघडंच. चाक बसवताना ते हाताने फिरवत नट घट्ट करा, जडपणा जाणवला की साधारण पाव फेरा मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुनी पिन वाकवून पुन्हा वापरू नका.

ग्रीसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चूक इथेच जास्त होते. दुकानात सहज मिळतं ते लिथियमचं, बहुउपयोगी, ‘एपी थ्री’ नावाने ओळखलं जाणारं. मोटारीला ते चांगलं, पण सतत पाण्यात बुडणाऱ्या हबमधून धुतलं जाऊ शकतं. जुन्या पद्धतीचं कॅल्शियमचं चॅसिस ग्रीस पाण्याला जास्त दाद देत नाही. त्याला उष्णता मात्र सोसत नाही, शंभर अंशांच्या अलीकडेच ते पातळ होतं. हाताने ओढायच्या गाडीत हब तापतच नाही, तेव्हा तिथे ते बिनधास्त वापरा. मोटारीमागे पळणाऱ्या गाडीला मात्र सागरी वापराचंच ग्रीस घ्या. दोन जातींचं ग्रीस एकत्र करू नका; जुनं रॉकेलने पूर्ण धुऊन, सुकवून मगच नवं भरा.

गाडी फक्त हाताने आणि फक्त घर ते धक्का एवढीच जात असेल, तर बेअरिंग काढूनच टाकता येतं. त्याच्या जागी प्लॅस्टिकच्या दांड्यातून कातून घेतलेला बुश बसवायचा. पाण्यानेच तो ओला राहतो, गंजायला त्यात काही नसतं. फक्त नायलॉन घेऊ नका. नायलॉन पाणी शोषून फुगतो आणि अ‍ॅक्सलला आवळतो. एचडीपीई किंवा डेलरीन मागा, आणि थोडी मोकळी जागा ठेवायला सांगा. संथ चालीच्या गाडीला याहून स्वस्त आणि निर्धोक उपाय मला माहीत नाही.

आता टायर. लोखंडी पट्टीचं किंवा हातगाडीचं अरुंद चाक डांबरावर हलकं चालतं, पण खाडीच्या चिखलात सुरीसारखं रुततं. रिक्षाचं ४.००-८ मापाचं चाक सगळीकडे मिळतं, पंक्चरवाल्याच्या ओळखीचं असतं, आणि जुनं रिमसकट स्वस्तात येतं. हवेचं गणित सोपं आहे. टायर जमिनीवर साधारण त्याच्या आतल्या हवेइतकाच दाब देतो. एका चाकावर १२५ किलो भार असेल आणि ३० पाउंड हवा असेल, तर जमिनीला टेकलेला भाग सुमारे ६० चौरस सेंटिमीटर. हवा १५ पाउंडांवर आणली की तोच भाग १२०च्या आसपास होतो आणि चाक निम्मं रुततं. म्हणून चिखलात उतरण्याआधी हवा कमी करा आणि डांबरावर परत येताच पायपंपाने भरा. कमी हवेवर मोटारीमागे धावू नका, टायरच्या बाजू तापून फाटतात.

यानंतर तोल. बऱ्याच गाड्यांचं खरं दुखणं अ‍ॅक्सल चुकीच्या जागी असणं हेच असतं, आणि ते दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही, कारण यू-बोल्ट सैल करून अ‍ॅक्सल पुढेमागे सरकवता येतो. आधी होडीचा मध्य काढा. इंजिन आणि नेहमीचं सामान होडीत ठेवा, सपाट जागी खाली एक पाइप आडवा घाला, आणि होडी ज्या जागी दोन्हीकडे सारखी झुलते तिथे खडूने खूण करा. समजा एकूण वजन २५० किलो आहे आणि अ‍ॅक्सलपासून दांडीच्या टोकापर्यंत ३ मीटर अंतर आहे. हाताने ओढताना टोकावर १२ किलो भार पुरेसा होतो. १२ गुणिले ३ म्हणजे ३६. त्याला २५०ने भागा. खुणेची जागा अ‍ॅक्सलच्या सुमारे १४ सेंटिमीटर पुढे यायला हवी. मोटारीमागे ओढायची असेल तर टोकावर एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलो हवेत. मग तेच अंतर ३० सेंटिमीटर होतं. घरचा वजनकाटा विटेवर ठेवून, दांडी नेहमीच्या उंचीवर टेकवून खात्री करून घ्या. टोक हलकं राहिलं आणि मागे भार जास्त झाला, तर वेगात गाडी डावी-उजवी हेलकावे खाऊ लागते आणि चालकाला ते आवरत नाही. हा भाग कंटाळून सोडू नका.

तोल कळला की सर्वांत उपयोगी सुधारणा हाताशी येते: मोडती दांडी. दांडीला अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे बिजागरी द्या आणि तिथे जाडजूड लोखंडी पिन घाला. काठावर पिन काढली की सांगाडा मागे झुकतो आणि होडी आपसूक घसरून पाण्यात जाते. चाकं घोट्याभर पाण्यात राहतात, हब कोरडा राहतो. वर ज्या बेअरिंगसाठी एवढी खटपट केली, त्याला पाणीच लागू न देणं हेच उत्तम रक्षण. पिन साखळीने सांगाड्याला बांधा, म्हणजे चिखलात हरवणार नाही. आणि ती काढण्याआधी होडीचं नाक दोराने धरलेलं असू द्या.

होडीखाली आधार कसा द्यायचा, हे तळावर ठरतं. फायबरच्या तळाला लांबलचक आधार मानवतो, एका बिंदूवर भार आला तर तिथे तडे जातात. लाकडावर गालिचा ठोकण्याची पद्धत आहे, पण गालिचा खारं पाणी धरून ठेवतो आणि लाकूड आतून कुजतं. त्याऐवजी पाण्याच्या लाइनचा काळा एचडीपीई पाइप उभा चिरून अँगलवर चढवा. लाकडी होडीला तळाचा कणा मजबूत असतो, तिला मधोमध रोलर चालतात. जी.आय. पाइपाच्या दांडीवर त्याच काळ्या पाइपाचे तुकडे सैल ओवले की रोलर तयार. फरक किती पडतो पाहा. २०० किलोंची होडी सहा फुटांत एक फूट चढणाऱ्या उतारावर ओढायची असेल, तर प्लॅस्टिकवर घसरवताना साधारण ८० किलो जोर लागतो. रोलरवर तो चाळीसच्या आसपास येतो. म्हणजे दोन माणसांचं काम एकाच्या आवाक्यात येतं.

रोलर झाल्यावर हाताची विंच लहानच पुरते. तिची ताकद हँडलच्या लांबीत आणि ड्रमच्या जाडीत असते: हँडल २५ सेंटिमीटर, ड्रमची त्रिज्या अडीच, तर दातेचाकं मोजण्याआधीच दहापट. तारेऐवजी पट्टा लावा. तारेचे तुटके धागे हातात घुसतात. रॅचेटचा खटका सोडताना हँडल घट्ट धरा, नाहीतर ते गरगरत मनगट मोडू शकतं. ओढताना कोणीही दोराच्या रेषेत उभं राहू नये, मुलं तर मुळीच नाहीत. आणि विंचच्या पट्ट्यावर होडी बांधलेली समजू नका. नाकाला वेगळी साखळी, मागे आडवा रॅचेट पट्टा, हे दोन्ही हवेतच.

गंजाचं शास्त्र थोडक्यात. चौकोनी बंद पाइप दिसायला देखणा, पण पाणी आत शिरतं आणि आतूनच पत्रा खातं, बाहेरून कळतही नाही. नवा सांगाडा करायचा असेल तर उघडा चॅनेल किंवा अँगल घ्या. असलेला पाइप ठेवायचा असेल तर सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची भोकं पाडा. जस्ताच्या कढईत बुडवून गॅल्व्हनाइज करून घेणं सर्वांत टिकाऊ, कारण ओरखडा पडला तरी लोखंडाच्या आधी जस्त झिजतं. ती कढई साधारण ४५० अंशांवर असते, त्यामुळे बंद पाइपात अडकलेली हवा-वाफ स्फोट घडवते. भोकं आधीच असायला हवीत. गॅल्व्हनाइज झालेल्या भागावर पुन्हा वेल्डिंग करायचं तर तिथलं जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर करा. त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. एवढा खर्च झेपत नसेल, तर तारेच्या ब्रशने साफ करून जस्तयुक्त प्रायमर आणि वर इपॉक्सीचे दोन हात पुरेत. पण कुठलाही रंग गोड्या पाण्याने धुण्याची जागा घेत नाही. उन्हाळ्यात खाडीचा खारेपणा आत वरपर्यंत चढतो, तेव्हा प्रत्येक खेपेनंतर दोन बादल्या पाणी चाकांवर आणि जोडांवर ओता.

दिव्यांचं काम छोटं आहे. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चकाकणारी पट्टी हाताने ओढायच्या गाडीलाही लावा. पहाटे अंधारात रस्ता ओलांडताना तेवढंच दिसतं. मोटारीमागे लावायची असेल तर दिवे सुट्या फळीवर बसवा आणि पाण्यात जाण्याआधी फळी काढून घ्या. मात्र एक लक्षात असू द्या. मोटारीला जोडली की ही गाडी १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलर ठरते, आणि ट्रेलरला नोंदणी लागते. ठाण्याचं एमएच ०४ आणि कल्याणचं एमएच ०५, ज्या कार्यालयाच्या हद्दीत राहता तिथे आधी चौकशी करा, मगच हुक बसवा.

काम कधी करायचं, हे पंचांग सांगतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. हे गणित मुंबईच्या किनाऱ्याचं. खाडीत आत, कल्याणकडे, भरती त्यानंतर पोचते, तेव्हा आपल्या धक्क्यावरचा फरक दोनचार वेळा पाहून टिपून ठेवा. नवी गाडी पहिल्यांदा पाण्यात घालायची तर अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती निवडा. पाण्याची चढउतार कमी असते, ओढ कमी असते, काही अडलं तर निस्तरायला वेळ मिळतो. उधाणाच्या ओहोटीत गाडी चिखलात रुतली, तर पुढची भरती तिच्यावरूनच जाते.

पावसाळ्यात होडी वर काढून ठेवणार असाल, तर अ‍ॅक्सलखाली ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून उचला, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटे होत नाहीत. होडी नाकाकडून किंचित उंच ठेवून तळाचं बूच काढा, पावसाचं पाणी साचणार नाही. आणि नदीकाठी राहत असाल तर जून ते सप्टेंबर दर आठवड्याला दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहा, टायरची हवा तपासा, मोडत्या दांडीची पिन काढून तेल लावून परत घाला, आणि पायपंप होडीतच ठेवा.