दुष्काळातील शाळा आणि दुपारची पंगत

माळव्याच्या काळ्या जमिनीची कीर्ती मोठी. दुष्काळ हा शेजारच्या मुलखाचा पाहुणा, आपल्या घरचा नव्हे, असेच येथे समजले जाई. संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळाने ही समजूत खोटी ठरविली. मारवाडात ‘छप्पनिया’ म्हणून ज्याची आठवण राहिली, त्या दुष्काळाची झळ माळव्यासही लागली. अशा प्रसंगी अन्नछत्रे उघडण्याची परंपरा आपल्या व्यापारी समाजात जुनी आहे. परंतु दुष्काळात शाळेत जाणाऱ्या मुलाला कसे जगवावे, हा प्रश्न अन्नछत्राच्या प्रश्नाहून थोडा निराळा आहे. त्याचाच येथे विचार करू.

दुष्काळात धान्य बाजारातून नाहीसे होतेच असे नाही. ते प्रथम मजुराच्या आवाक्याबाहेर जाते. पीक बुडाले की मजुरी बुडते, आणि मजुरी बुडाली की भरल्या कोठारासमोरही घरची चूल थंड राहते. आईबाप कामाच्या शोधात बाहेर पडतात. मोठे मूल धाकट्याला सांभाळते किंवा पाण्याच्या खेपा घालते. त्याची शाळा अशी आपोआप सुटते आणि पाऊस परतला तरी ते मूल परतेलच असे नाही.

महाराष्ट्रातील १९७२-७३ चा दुष्काळ अनेक मराठी कुटुंबांच्या स्मरणात आहे. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या काळी वाटलेली ‘सुकडी’ जुनी माणसे अजून आठवतात. त्या अन्नाने प्राण वाचले, हे थोर कार्य होय. तथापि मुलाच्या प्राणांबरोबर त्याचे शिक्षणही वाचवावयाचे, तर अन्न शाळेतच मिळावयास हवे. मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ साली शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले ते याच विचाराने, आणि त्या कार्यास लोकवर्गणीचा मोठा आधार होता.

केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. परंतु बहुतेक राज्यांत शिजविलेल्या अन्नाऐवजी दरमहा तीन किलो धान्य देण्यात येई. धान्य घरी गेले की ते साऱ्या कुटुंबात वाटले जाते, आणि त्यात गैर ते काय? मुलाच्या वाट्यास मात्र मूठभरच उरते. पुढे २००१ साली राजस्थानात दुष्काळ आणि सरकारी गोदामांत धान्याच्या राशी, असे विपरीत चित्र दिसले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजविलेले जेवण देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने त्यात मोलाची भर घातली: दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही हे जेवण द्यावे.

या दुसऱ्या आदेशाचे मर्म जाणले पाहिजे. शाळेला सुटी असते, भुकेला नसते. चैत्र-वैशाखात घरातील कणग्या रिकाम्या, शेतात काम नाही, विहिरी आटलेल्या. आणि नेमकी तेव्हाच शाळेची पंगत उठते. म्हणून ज्या दिवसांत मुलाला सर्वांत अधिक गरज, तेच दिवस सर्वांत अधिक जपावयाचे.

आता दात्याने काय करावे? सरकारी प्रमाणानुसार प्राथमिक शाळेतील मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल मिळावयाचे. शंभर मुलांच्या शाळेस दिवसाला दोन किलो डाळ आणि अर्धा किलो तेल पुरते. चाळीस दिवसांच्या सुटीस ऐंशी किलो डाळ व वीस किलो तेल. आपल्यापैकी कोणासही हा हिशेब जड नाही. सरकारी योजनेत ‘तिथी भोजना’चीही सोय आहे, वाढदिवशी वा पुण्यतिथीस मिष्टान्न देता येते. ते अवश्य द्यावे. परंतु एका दिवसाच्या श्रीखंडापेक्षा चाळीस दिवसांचे वरण मुलाच्या अंगी अधिक लागते. दुष्काळी गावात स्वयंपाकास पाणीही लागते. टँकर वा टाकीची व्यवस्था करणे हेही अन्नदानच होय. शिवाय डाळ जुनी आहे की नवी, तेल शुद्ध आहे की भेसळीचे, हे ओळखणारी नजर आपल्या धंद्याने आपणांस दिली आहे. ती नजर शाळेच्या कोठीसाठी वापरणे हे पैशांपेक्षाही मोठे दान ठरेल.

एक गोष्ट मात्र आपसांत स्पष्ट बोलली पाहिजे. टंचाईच्या दिवसांत माल दाबून ठेवून भाव चढवावयाचे आणि त्याच नफ्यातून पंगत घालावयाची, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणार नाही. त्या पंगतीतील मुलाच्या आईने आपल्याच दुकानातून चढ्या भावाने पावशेर डाळ नेलेली असते. रास्त भाव हे पहिले अन्नदान; शाळेची पंगत त्यानंतरची.

आपल्या परंपरेत आहारदान व ज्ञानदान ही दोन श्रेष्ठ दाने मानली आहेत. शाळेतील दुपारच्या ताटात ती दोन्ही एकत्र येतात. म्हणून येत्या उन्हाळ्यात दान देताना प्रत्येकाने एवढेच विचारावे: आज पंगतीस बसलेले मूल उद्या काय जेवणार आहे?