तुवरकाचें तेल आणि डॉ. भाऊ दाजी

कुष्ठ हा शब्द निघाला कीं घरांतील वडील माणसें आवाज खालीं घेत, हें मुरुमच्या आमच्या आळींत मीं लहानपणीं पाहिलें आहे. पूर्वजन्मींचें पाप, एवढेंच निदान! पुढें संस्कृत शिकल्यावर सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत तुवरक वृक्षाचें वर्णन वाचलें. पश्चिम समुद्राकडील भूमींत होणाऱ्या ह्या वृक्षाच्या बियांचें तेल कुष्ठावर द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. ज्या ग्रंथाला आपण हात जोडतों तो रोग्याला औषध सांगतो, आणि आपण त्या रोग्याला वेशीबाहेर बसवितों!

ग्रंथांतील असलीं औषधें रोग्याच्या खाटेपाशीं नेऊन पारखून पाहणारे पुरुष म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. मूळचे गोमंतकांतले, नांव रामचंद्र विठ्ठल. आधीं एल्फिन्स्टन संस्थेंत शिक्षक होते (आम्हां मास्तरांना ह्याचें कौतुक वाटणारच), आणि 1845 सालीं निघालेल्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयांतून 1851 सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतले पदवीधर. बंधु डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासह त्यांनीं गरिबांसाठीं धर्मार्थ दवाखाना चालविला. 1869 व 1871 सालीं ते मुंबईचे शेरीफ झाले. संस्कृताचा व्यासंग तर असा कीं, अजिंठ्याचे शिलालेख उतरून घेण्यासाठीं ते निजामाच्या राज्यांत येऊन गेले. आमचें मुरुमही 1948 पर्यंत त्याच राज्यांत होतें.

तुवरक म्हणजे कोंकणांतली कडू कवठी. तिच्या तेलानें त्यांनीं कुष्ठाचे अनेक रोगी उपचारिले व पुष्कळांस आराम दिला. परंतु हें औषध त्यांनीं दीर्घकाळ गुप्त ठेविलें. पुरती खात्री झाल्यावांचून बोलूं नये, हा शास्त्रज्ञाचा संकोच असेल; गुण येणारें औषध सांगूं नये, ही आमच्या जुन्या वैद्यांची खोडही असेल. ज्यानें शिलालेखांचीं अक्षरें जगापुढें ठेविलीं त्यानें ह्या तेलाचें नांव झांकावें, हें त्यांच्याविषयीं नितांत आदर असूनही मला खटकतें. 31 मे 1874 रोजीं ते निवर्तले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला 1975 सालीं त्यांचें नांव दिलें गेलें. तेथें जाणाऱ्यांपैकीं कितीकांना कवठीचें तेल ठाऊक असेल?

त्यांच्या निधनाच्या आदल्याच वर्षीं, 1873 सालीं, नॉर्वेंत हान्सेन ह्यांना ह्या रोगाचा जंतु दिसला, आणि पापाची व आनुवंशिकतेची कल्पना शास्त्रापुरती तरी संपली. हें तेल पुढें कित्येक दशकें जगभर वापरांत होतें. मग सल्फोन औषधें आलीं, व 1981 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांची संयुक्त योजना सांगितली. आतां सहा महिन्यांत किंवा वर्षभरांत रोगी बरा होतो, आणि गोळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात.

तरी सोयरीक जुळवितांना 'त्यांच्या घरीं कोणाला कांहीं होतें काय?' अशी हलक्या आवाजांत चौकशी होतेच. धाकट्या बहिणीच्या वेळीं ती मींच केली होती. सुश्रुत तेव्हां माझा वाचून झालेला होता.