टाकणे आणि फेकणे : शरीरगतीचे मोजमाप

क्रिकेटच्या मराठीने दोन क्रियापदे कटाक्षाने वेगळी ठेवली आहेत. गोलंदाज चेंडू ‘टाकतो’, क्षेत्ररक्षक तो ‘फेकतो’. गोलंदाजाने फेकला, तर तो नियमभंग ठरतो. मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हा शब्दभेद सहज उमगतो. परंतु प्रत्यक्ष मैदानावर या दोन क्रियांमधील सीमारेषा आखण्यासाठी जैवयांत्रिकी या शास्त्राला पाचारण करावे लागले. शरीराच्या हालचालींचा यंत्रशास्त्राच्या नियमांनी अभ्यास करणारे हे शास्त्र आहे.

आपल्या इंदूरचे, होळकर संघाचे अष्टपैलू खेळाडू चंदू सरवटे हे व्यवसायाने अंगुलिमुद्रातज्ज्ञ होते. बोटांचा ठसा कागदावर स्थिर राहतो. तो आज पाहता येतो, उद्या पुन्हा पडताळता येतो. हालचाल मात्र घडता घडताच नाहीशी होते. शतकानुशतके घोडा जवळून पाहणाऱ्या माणसालाही भरधाव घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात की नाही, हे खात्रीने सांगता येत नव्हते. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज यांनी ओळीने 12 कॅमेरे लावले, तेव्हा ते सिद्ध झाले.

गोलंदाजाच्या कोपराचा प्रश्न याच जातीचा आहे. हात खांद्याच्या पातळीत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती अंशांनी सरळ होते, हे पाहायचे असते. हा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. सेकंदाला 25 चित्रे घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्यास त्यात दोन-तीनच चित्रे मिळणार! शिवाय चित्र सपाट असते. मुळात वाकलेला हात खांद्यातून फिरला, तर तो सरळ होत असल्याचा भास होतो. म्हणून प्रयोगशाळेत खांदा, कोपर व मनगट यांवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या खुणा चिकटवतात, सभोवती अनेक वेगवान कॅमेरे लावतात आणि प्रत्येक क्षणाचा त्रिमितीय कोन गणिताने काढतात.

या मोजमापामागे माणसाची अब्रू पणाला लागलेली असते. 26 डिसेंबर 1995 रोजी मेलबर्न येथे पंच डॅरेल हेअर यांनी मुथय्या मुरलीधरन यांचे 7 चेंडू नोबॉल ठरविले. मुरलीधरन यांचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नव्हते. 2004 मध्ये त्यांनी कोपर जखडणारे साधन घालून गोलंदाजी केली. तरीही पाहणाऱ्यास हात झटकल्यासारखाच वाटे. त्यांच्या ‘दूसरा’ या चेंडूचे माप मात्र सुमारे 14 अंश भरले. त्या वेळी फिरकी गोलंदाजास मुभा 5 अंशांचीच होती, म्हणजे कागदावर दोष होताच. पण इतरांची मापे घेतली, तेव्हा निर्दोष मानल्या गेलेल्या बहुतेक गोलंदाजांचे कोपरही थोडेफार सरळ होते, असे आढळले. अखेर 2005 पासून सर्वांसाठी 15 अंशांची एकच मर्यादा आली. त्यापलीकडचा फरक साध्या डोळ्यांना जाणवू लागतो, अशी त्यामागील भूमिका होती.

ही संख्या निसर्गाने दिलेली नाही. मापे पाहून माणसांनीच ती ठरविली. मात्र ती सर्वांना सारखी लागू होते. 2014 मध्ये सईद अजमल यांची मापे या मर्यादेबाहेर गेली व त्यांची गोलंदाजी थांबविण्यात आली. त्याच वर्षी चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठातील केंद्रास अशा चाचणीची मान्यता मिळाली.

आज प्रत्येक पालकाच्या खिशात चलत्‌चित्रण करणारा दूरध्वनी आहे. मुलाचे पाऊल कोठे पडते, तोल कोठे जातो, हे दाखविण्यास तो जरूर वापरावा. परंतु एका बाजूने घेतलेल्या सपाट चित्रावरून शाळकरी गोलंदाजास ‘फेक्या’ म्हणू नये. पंचाने शंका घ्यावी, तो त्याचा अधिकारच आहे; निकाल मात्र मोजूनच द्यावा, एवढीच माझी येथील क्रीडाशिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.