कुरवपूरची नौकायात्रा

कुरवपूरची नौकायात्रा म्हणजे कृष्णा नदीच्या पात्रातील कुरवपूर या बेटावर होडीने जाऊन तेथील श्रीपाद श्रीवल्लभांच्या स्थानाचे दर्शन घेणे. कुरवपूर हे कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी हे क्षेत्रही कृष्णेच्याच काठी, परंतु प्रवाहाच्या बऱ्याच वरच्या अंगाला आहे. दोन्ही स्थाने दत्त संप्रदायाची असल्यामुळे अनेक भाविक नृसिंहवाडी, गाणगापूर आणि कुरवपूर ही क्षेत्रे एका यात्राक्रमात जोडतात. यात्रेचा हेतू धार्मिक असला, तरी तिचा शेवटचा टप्पा पाण्यावरचा आहे. त्यामुळे उष्ण प्रदेशातील एखाद्या बेटावर लहान गटाने नौकेने जाताना जी पूर्वतयारी लागते, तीच येथेही लागते. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे त्या तयारीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

सरस्वती गंगाधर यांच्या ‘गुरुचरित्र’ या ग्रंथानुसार श्रीपाद श्रीवल्लभ हे दत्तात्रेयांचे पहिले, तर नृसिंह सरस्वती हे दुसरे अवतार होत. श्रीपाद श्रीवल्लभांचा जन्म आंध्र प्रदेशातील पीठापूर येथला. त्यांचे दीर्घ वास्तव्य आणि अवतारसमाप्ती कुरवपूर येथे झाली, असे संप्रदाय मानतो. नृसिंह सरस्वती यांनी कृष्णा-पंचगंगा संगमावर बारा वर्षे वास्तव्य केले आणि तेथून ते भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरास गेले. आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे गुरुद्वादशी, ही तिथी श्रीपाद श्रीवल्लभांच्या अवतारसमाप्तीची म्हणून पाळली जाते आणि नृसिंहवाडीतही ती उत्सवाची असते. या सुमारास कुरवपुरास गर्दी वाढते.

‘गुरुचरित्रा’च्या नवव्या अध्यायातील रजकाची कथा कुरवपूरच्या काठावर घडते. नदीवर जलक्रीडेसाठी परिवारासह आलेल्या राजाचे वैभव पाहून कपडे धुणाऱ्या रजकाच्या मनात राज्यभोगाची इच्छा उत्पन्न होते, असा तो प्रसंग आहे. कृष्णेवरील हौसेच्या नौकाविहाराचा उल्लेख संप्रदायाच्या मुख्य ग्रंथातच सापडावा, ही लक्षणीय गोष्ट होय. वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी (१८५४–१९१४) यांचेही कुरवपूर येथे वास्तव्य झाले होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गुहा बेटावर दाखवली जाते.

नदीचा स्वभाव आणि योग्य हंगाम

नृसिंहवाडीच्या रहिवाशाला कृष्णेचा पूर नवा नसतो. पावसाळ्यात पाणी चढत चढत मंदिरात शिरते, उत्तरेकडील दारातून आत येऊन पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते. त्यास ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. पाणी आणखी वाढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूस हलवली जाते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. हे आकडे या भागातील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. कृष्णा भरून वाहू लागली की तिच्या फुगवट्यामुळे पंचगंगेचे पाणी उतरत नाही, हेही येथे सर्वांना ठाऊक असते.

ही जाण मौल्यवान आहे. पण ती जशीच्या तशी कुरवपुरास लागू पडत नाही, आणि यात्रेकरूंची फसगत नेमकी येथेच होते. वाडीत पाणी वाढण्याआधी सह्याद्रीत पाऊस झालेला असतो, आभाळ भरलेले असते, घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडताना दिसतात. वाडीपासून कुरवपुरापर्यंत येताना मात्र कृष्णेला दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा आणि भीमा या नद्या मिळतात आणि वाटेत अलमट्टी व नारायणपूर ही दोन मोठी धरणे येतात. अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. ते भरत आले की त्यातून सोडलेले पाणी नारायणपुरास पोहोचते आणि तेथील दरवाजे उघडले की पुढे कुरवपुराकडे जाते. भीमेचे पाणी त्यात वेगळे मिसळते. परिणामी रायचूर परिसरात ऊन पडलेले असताना आणि आठवडाभर पाऊस नसतानाही बेटाभोवतीचे पाणी वाढू शकते. आभाळ पाहून होडीत बसण्याचा निर्णय घेणे येथे उपयोगाचे नाही.

म्हणून निघण्यापूर्वी महाराष्ट्रातील पावसाची बातमी पाहण्याबरोबरच नारायणपूर धरणातून होणाऱ्या विसर्गाची चौकशी करणे आवश्यक ठरते. विसर्ग चालू असेल, तर दिवस पुढे ढकलावा. नौका बंद असतील, तर नावाड्याला जादा पैसे देऊन नेण्याचा आग्रह धरू नये. जुलै ते सप्टेंबर हा काळ सामान्यतः टाळण्याजोगा होय. आश्विनातील उत्सवाच्या वेळी पाऊस ओसरलेला असला, तरी धरणे भरलेली असतात, हे विसरून चालत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. उन्हाळ्यात पाणी कमी होते व पात्रातील खडक उघडे पडतात. रायचूर परिसराचे तापमान एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या पुढे जाते, आणि तापलेल्या खडकांवरून अनवाणी चालणे वृद्धांना झेपत नाही.

नौका

कृष्णा-तुंगभद्रेच्या या भागात गोल, टोपलीच्या आकाराची होडी पूर्वापार वापरात आहे. कन्नडमध्ये तिला हरिगोलु म्हणतात. मराठी यात्रेकरू ‘टोपली’ किंवा ‘बुट्टी’ म्हणतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणून त्याला पूर्वी कातडे लावत. आता जाड प्लास्टिकचे कापड लावून त्यावर डांबर चढवतात. तिला पुढची-मागची बाजू नसते, तळ सपाट असतो, आणि वल्हे एका बाजूने मारले की ती स्वतःभोवती फिरू लागते. पहिल्यांदा बसणारा घाबरतो तो या फिरण्याने. वास्तविक ते धोक्याचे लक्षण नसते; धोका असतो तो कोणी घाबरून उभे राहिल्यास किंवा सर्वजण एका कडेला सरकल्यास. शिरोळ तालुक्यातील लोकांना याची कल्पना लवकर यावी, कारण महापुरात गुऱ्हाळाची काहील होडीसारखी वापरल्याची उदाहरणे या भागात आहेत, आणि काहिलीत उभे राहण्याचे धाडस कोणी करत नाही.

अलीकडे मोटार बसवलेल्या होड्याही वापरल्या जातात. त्या प्रवाहावर अधिक मात करतात, परंतु मोटार बंद पडल्यास वल्हे किंवा लांब बांबू होडीत आहे की नाही, हे बसण्याआधी पाहावे लागते. 

नदीच्या गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे तेवढ्याच वजनाने भरलेली होडी मालवणच्या समुद्रात जेवढी बुडेल, त्याहून थोडी अधिक खोल कृष्णेत बसते. फरक लहान आहे. पण काठ आणि पाणी यांत वीतभरच अंतर उरले असेल, तर तो मोजावा लागतो. दहा प्रौढ माणसे सरासरी ६० किलोची धरली, तर ६०० किलो होतात. प्रत्येकाची दहा किलोची पिशवी धरली की ७०० किलो, म्हणजे जवळजवळ आणखी दोन माणसांचा भार. माणसे मोजली जातात, सामान मोजले जात नाही.

८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुराच्या वेळी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि अनेकांचा बळी गेला. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती. ब्रह्मनाळ कृष्णेच्याच काठी आहे. तेथील लोकांपुढे गाव सोडण्याची निकड होती. यात्रेकरूपुढे तशी कोणतीही निकड नसते, त्याला दुसऱ्या खेपेची वाट पाहता येते.

गट आणि त्याची शिस्त

अशा यात्रेसाठी सहा ते दहा जणांचा गट सोयीचा पडतो. एका खेपेत सर्वांना जाता येत नसेल, तर गट आधीच दोन भागांत वाटून घ्यावा. प्रत्येक भागात एक पोहता येणारी व्यक्ती असावी, आणि लहान मुले व वृद्ध एकाच होडीत एकवटू नयेत. काठावर ऐन वेळी हे ठरवू लागल्यास आई-मुले, पती-पत्नी वेगळे व्हायला तयार होत नाहीत आणि शेवटी सगळे एकाच होडीत बसतात.

जीवरक्षक जॅकेट काठावर मिळेल, असे गृहीत धरू नये. शक्य असल्यास गटाने ती भाड्याने किंवा विकत घेऊन सोबत न्यावीत. मुलांसाठी मुलांच्या मापाची लागतात. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले, तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली राहते. जॅकेट मांडीवर ठेवून बसणे ही सर्वत्र दिसणारी सवय आहे आणि ती निरर्थक आहे. नऊवारी लुगडे, उपरणे, सोवळे यांचा घोळ पाण्यात पायांत अडकतो. म्हणून होडीत साधी, आटोपशीर वस्त्रे असावीत आणि सोवळे बेटावर पोहोचल्यावर नेसावे.

नावाड्याशी बोलण्यापुरते कन्नड उपयोगी पडते. ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘कुंद्रि’ म्हणजे बसा, ‘निधान’ म्हणजे सावकाश. शिरोळच्या सीमेवरील गावांतील अनेकांना हे शब्द घरचेच असतात. गटात असे कोणी असल्यास बोलणी त्यांच्यावर सोपवावीत.

मार्ग

नृसिंहवाडीहून जयसिंगपूर किंवा मिरज गाठून रेल्वेने सोलापूर आणि तेथून कलबुर्गी, वाडी जंक्शन, यादगीर या मार्गाने रायचूरला जाता येते. रस्त्याने विजापूरमार्गेही जाता येते. तिकीट काढताना एक गोष्ट सांभाळावी लागते: कोल्हापूर-सांगली भागात नुसते ‘वाडी’ म्हटले की नृसिंहवाडी समजली जाते, पण रेल्वेचे वाडी जंक्शन कलबुर्गी जिल्ह्यात आहे. गाणगापूर क्षेत्राला जायचे असल्यास सोलापूर-कलबुर्गी दरम्यानच्या गाणगापूर रोड स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. रायचूरहून आतकूर गावापर्यंत वाहनाने जाऊन तेथील काठावरून होडी मिळते. पलीकडे तेलंगणाच्या बाजूस पंचदेव पहाड हे स्थान आहे.

सामान, आहार व आरोग्य

बेटावर निवासाची व भोजनाची सोय मर्यादित असते, म्हणून पारायणासाठी राहायचे असल्यास आधी कळवून जाणे योग्य. सामान एका खांद्यावर मावेल इतकेच असावे. ‘गुरुचरित्रा’ची पोथी रुमालात बांधण्याची रीत आहे, होडीत त्यावर आणखी एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड घट्ट बांधावे. ओळखपत्रे, औषधे आणि मोबाइल यांसाठीही तेच. सुटे पैसे, विजेरी, शिट्टी, दोरी, डोक्याला टोपी अथवा पंचा आणि माणशी किमान दोन लिटर पिण्याचे पाणी सोबत असावे. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णांनी औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, म्हणजे एक पिशवी भिजली तरी दुसरी उरते. उपवास धरून भर उन्हात होडीत बसण्याची प्रथा काही गटांत आढळते. वृद्धांच्या बाबतीत ती टाळणेच श्रेयस्कर. वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी सोबत नेण्याचा मोह अनेकांना होतो. बर्फी टिकते, बासुंदी रायचूरच्या उन्हात टिकत नाही.

नदीस्नान हा यात्रेचा भाग मानला जातो. सांगली जिल्ह्यातील कृष्णेप्रमाणेच रायचूर परिसरातील कृष्णेतही मगरींचा वावर आहे. स्नान स्थानिक लोक जेथे करतात तेथेच, दिवसाउजेडी आणि उथळ पाण्यात करावे. पहाटेच्या अंधारात एकट्याने पाण्यात उतरू नये. सोवळ्याच्या नियमामुळे पहाटेच्या स्नानाचा आग्रह असल्यास पाणी भरून आणून काठापासून दूर स्नान करता येते.

परतीचे नियोजन

परतीची शेवटची होडी किती वाजता सुटते, हे बेटावर उतरतानाच नावाड्याला विचारून घ्यावे. अंधारात पात्र ओलांडू नये. उशीर झाल्यास बेटावरच मुक्काम करावा. त्यामुळे रायचूरहून परतीचे आरक्षण त्याच रात्रीच्या गाडीचे न करता एक दिवस राखून ठेवणे हितावह असते. होडीत बसण्यापूर्वी आणि परत काठावर उतरल्यावर घरी एकेक निरोप द्यावा. दुसरा निरोप ठरलेल्या वेळेत न आल्यास कोणाला दूरध्वनी करायचा, हे घरच्यांना निघण्याआधीच लिहून दिलेले असावे.