हर्षवर्धन पाटील : अपक्ष आमदार ते सहकारमंत्री

इंदापूरचं राजकारण समजून घ्यायचं तर सुरुवात बावड्यापासून करावी लागते. हर्षवर्धन पाटील यांचं हे गाव. चुलते शंकरराव पाटील बारामतीचे माजी खासदार आणि सहकारातलं मोठं नाव. बिजवडीचा कर्मयोगी साखर कारखाना आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

1995 ला राज्यात 45 अपक्ष निवडून आले, त्यात तिशीतले हर्षवर्धनभाऊ होते. युती सरकारात ते राज्यमंत्री झाले. 1999 आणि 2004 लाही अपक्षच! सरकारं बदलली, मंत्रिपद राहिलं. 2009 ला काँग्रेसकडून चौथा विजय.

माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम सहकारमंत्री असतानाचं. 97 व्या घटनादुरुस्तीनंतर 2013 मध्ये राज्याचा सहकार कायदा बदलला. संचालकांची संख्या जास्तीत जास्त 21, मुदत पाच वर्षं आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण. आज तुमच्या गावच्या सोसायटीची निवडणूक लागते, ती याच प्राधिकरणाच्या देखरेखीखाली.

2014 ला दत्तात्रय भरणे यांनी त्यांना हरवलं. 2019 ला भाजपकडून उभे राहिले, जेमतेम तीन हजारांनी हुकलं. 2024 ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून लढले, पुन्हा भरणेच जिंकले. सहकारातलं वजन मात्र कायम राहिलं. पराभवांच्या याच काळात ते राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाचे अध्यक्ष झाले.

1995 च्या प्रचाराचे फोटो कुणाकडे असतील तर जरूर टाका, इंदापूरकरांनो.