कार्यालयाचा संगणक आणि इंटरनेटवरील दिनदर्शिका : नोंदी जुळवाव्यात कशा?

धर्मग्रामाच्या कार्यालयातील भिंतीवरची दिनदर्शिका आणि टेबलावरची जाड नोंदवही ही दोन साधने अद्याप निवृत्त झालेली नाहीत, आणि होऊही नयेत. तथापि अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी दोन नोंदी आल्या आहेत. धर्मगुरू जालना किंवा बीडच्या वाटेवर असताना मोबाइलवरील गूगल कॅलेंडरमध्ये वेळ लिहून ठेवतात; कार्यालयातील लेखनिक मात्र ई-मेल पाहण्यासाठी संगणकावर थंडरबर्ड किंवा आउटलुक उघडून बसलेला असतो व आपली नोंद तेथे करतो. या दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत तर काय घडते, हे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. एका शनिवारी सायंकाळी एकाच सभागृहाच्या दारात साखरपुड्याचे पाहुणे आणि युवक मेळाव्याची मुले एकदमच येऊन उभी राहिली. दोघांच्याही नोंदी रीतसर केलेल्या होत्या. परंतु एक मोबाइलवर होती व दुसरी संगणकावर.

इंटरनेटवरील दिनदर्शिका संगणकावर आणण्याचे तीन मार्ग आहेत, आणि घोटाळा बहुधा या तिन्हींतील फरक न कळल्यामुळे होतो. पहिला मार्ग म्हणजे दिनदर्शिकेची फाइल उतरवून घेणे. ही आयसीएस नावाची फाइल म्हणजे त्या दिवसाची केवळ छायाप्रत होय. पुढे मूळ नोंद बदलली तरी प्रत बदलत नाही. दुसरा मार्ग गुप्त पत्त्याद्वारे वर्गणीदार होण्याचा. यात मूळ दिनदर्शिकेतील बदल ठरावीक वेळाने संगणकावर उमटतात, पण संगणकावरून काही लिहिता येत नाही. वरील शनिवारी हेच झाले होते. लेखनिकाला मोबाइलवरील नोंदी दिसत असल्यामुळे आपल्याही नोंदी तिकडे जात असतील असे तो समजला. प्रत्यक्षात त्या संगणकातील दुसऱ्याच, स्थानिक दिनदर्शिकेत साठत होत्या.

तिसरा मार्ग कॅलडॅव्ह या पद्धतीचा. तिचे प्रमाणपत्रक २००७ साली प्रसिद्ध झाले. हिच्यात प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि नोंद बदलली की तिच्यावरील खूणही बदलते. संगणक या खुणा ताडून पाहतो व जेवढे बदलले तेवढेच आणतो किंवा पाठवतो. दोघांनी एकच नोंद एकाच सुमारास बदलली, तर मागाहून आलेला बदल निमूटपणे पहिल्यावर न लिहिता विरोध असल्याचे लक्षात आणून देता येते. कार्यालयाला हवी आहे ती हीच दुहेरी वाट.

थंडरबर्डमध्ये पूर्वी यासाठी लाइटनिंग नावाचा जोड-कार्यक्रम वेगळा बसवावा लागे; २०२० पासून दिनदर्शिका मूळ कार्यक्रमातच समाविष्ट आहे. नवीन दिनदर्शिका जोडताना ‘नेटवर्कवरील’ हा पर्याय निवडावा, वापरकर्त्याच्या नावाच्या जागी जीमेलचा पूर्ण पत्ता लिहावा आणि शोध घेण्यास सांगावे. गूगलची प्रवेश-खिडकी उघडते. तेथेच परवलीचा शब्द देऊन संमती द्यावी. त्यानंतर दिसणाऱ्या यादीतून आवश्यक तेवढ्याच दिनदर्शिका निवडाव्यात. गुणधर्मांमध्ये किती मिनिटांनी ताजेपणा तपासावा हे ठरवता येते, आणि इंटरनेट नसतानाही नोंदी दिसाव्यात अशी सोय तेथेच सुरू करता येते. ज्यांनी मराठवाड्यातील भारनियमनाचे दिवस अनुभवले आहेत, त्यांना या दुसऱ्या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

जुन्या धाटणीच्या आउटलुकला कॅलडॅव्ह स्वतःहून येत नाही. गूगलने त्यासाठी २००८ साली एक छोटा कार्यक्रम दिला होता, तो २०१४ मध्ये बंद पडला. जुन्या मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख आढळल्यास त्यामागे वेळ दवडू नये. वेगळा जोड-कार्यक्रम बसवावा, अथवा सरळ थंडरबर्ड वापरावे. आमचे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते.

वेळेची एक गोष्ट लक्षात ठेवावी. या फाइलींत वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सायंकाळी ६.३० ची सभा दुपारी १ वाजता दिसू लागली, तर संगणकाचा कालविभाग ‘कोलकाता’ असा आहे की नाही ते आधी पाहावे.

दुसरी गोष्ट सणांची. नाताळ ‘दरवर्षी’ या पर्यायाने लावता येतो, पण पुनरुत्थानाचा सण तसा लावता येत नाही. तो २०२५ मध्ये २० एप्रिलला आला, २०२६ मध्ये ५ एप्रिलला, आणि २०२७ मध्ये २८ मार्चला येतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर आधारलेला हा हिशेब पुनरावृत्तीच्या नेहमीच्या नियमांत बसत नाही. राखेचा बुधवार आणि पेंटेकॉस्ट यांचेही तेच. या तारखा प्रतिवर्षी हातानेच भराव्यात, आणि ते काम एकाच व्यक्तीकडे असावे.

नोंदीतील स्थळाबाबतही थोडी दक्षता हवी. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, धर्मप्रांताचे नाव औरंगाबाद असेच आहे. शोधचौकटीत ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिले तर जुन्या नोंदी सापडत नाहीत. त्या नाहीशा झाल्या असे समजून कोणी पुन्हा लिहू नयेत.

सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची. दुसऱ्या मार्गात सांगितलेला गुप्त पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला परवलीच्या शब्दाविनाच सर्व नोंदी वाचता येतात. तो व्हॉट्सॲप गटावर गेल्याचे कळताच गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलावा. जुना पत्ता तत्क्षणी निकामी होतो. कार्यालयाच्या सामायिक दिनदर्शिकेत रुग्णाचे नाव, आजार, किंवा कोणत्या कुटुंबाचा समेट घडवण्यासाठी भेट आहे, हे लिहूच नये. ‘भेट, सायं. ५’ एवढे पुरे. बाकीचे धर्मगुरूंच्या खाजगी दिनदर्शिकेत राहावे आणि ती कार्यालयाच्या संगणकाला जोडू नये.